सुझलॉनची केस: पवनचक्क्या विकून वाढली, तगली मात्र सर्व्हिसवर

सुझलॉनबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक दोन टाइपचं असतं. एक शेअरवाल्यांचं, म्हणजे दोन रुपयाला घेतला असता तर आज काय झालं असतं वगैरे, आणि दुसरं कंपनीचे संस्थापक तुलसी तांतींच्या जिद्दीची कहाणी. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहे, पण कंपनी एवढी का वाढली, मग का आपटली आणि आपटूनही संपली का नाही हे त्यातून कळत नाही. त्यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण याच धंद्यातल्या बऱ्याच कंपन्या, इथल्या आणि जर्मनीतल्याही, याच काळात आडव्या झाल्या. सुझलॉनवर कमी संकटं आली असं अजिबात नाही, उलट परदेशी बाँडचे पैसे दोनदा थकवलेत त्यांनी. माझं मत आधीच सांगून टाकतो, पटलं नाही तर पुढचं वाचताना भांडा: मशीन विकून कंपनी मोठी झाली, कर्ज काढून बाहेरच्या कंपन्या घेतल्या त्यात बुडाली, आणि वाचली ती विकलेल्या मशीनची देखभाल स्वतःच्याच हातात ठेवली होती म्हणून.

सुरतची कापड गिरणी आणि लाइटबिल

तांती कुटुंब राजकोटकडचं, धंदा सुरतला, पॉलिस्टर यार्न आणि कापडाचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जी अडचण सगळ्यांची होती तीच यांचीही: वीज महाग, दर वर्षी अजून महाग, आणि वर ती येईल-जाईल याचा भरवसा नाही. कापडाच्या धंद्यात मार्जिन आधीच बारीक, त्यात लाइटबिलच ते खाऊन टाकतंय म्हटल्यावर त्यांनी गिरणीसाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. एकदा मशीन उभं राहिलं की वाऱ्याचं बिल येत नाही, वीस वर्षांचा विजेचा खर्च आजच ठरून जातो, हे गणित त्यांना कापडापेक्षा जास्त भावलं असणार, कारण १९९५ मध्ये तुलसीभाई आणि त्यांचे तीन भाऊ, विनोद, जितेंद्र आणि गिरीश, यांनी सुझलॉन काढली आणि २००१ पर्यंत कापडाच्या धंद्यातून बाहेरही पडले. ऑफिस पुण्यात.

टर्बाइन बनवायची कशी हे अर्थातच माहीत नव्हतं. झ्युडविंड नावाच्या एका छोट्या जर्मन कंपनीशी करार केला आणि तिची मशीन इथे आणून लावायला सुरुवात केली. पहिलं मोठं गिऱ्हाईक इंडियन पेट्रोकेमिकल्स, जागा गुजरातमधलं ढांक, मशीन २७० किलोवॅटची. आज जे मशीन विकलं जातं ते ३ मेगावॅटच्या वरचं असतं, म्हणजे तसली अकरा-बारा मशीन एकात बसतील. पुढे १९९७ मध्ये झ्युडविंडच दिवाळखोरीत गेली. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता, यांनी तिचे इंजिनिअर कामाला घेतले आणि जर्मनीतच डिझाइनचं ऑफिस थाटलं. स्वस्तात आणि पटकन तंत्रज्ञान हाताशी आलं. पण मला वाटतं इथूनच एक सवय पण लागली, की युरोपातली कंपनी अडचणीत आली किंवा विक्रीला निघाली की तिथून तंत्रज्ञान उचलता येतं. एकदा ते जमलं. नंतर दहा वर्षांनी तोच प्रकार शेकडो पटीने मोठ्या रकमेत केला तेव्हा काय झालं ते पुढे येईलच.

खरं तर काय विकत होते

सुझलॉन टर्बाइन विकत होती असं आपण म्हणतो, पण त्या काळातल्या गिऱ्हाइकाकडे बघा. तो वीज कंपनीवाला नव्हताच. कोणी सूतगिरणीवाला, कोणी ऑटो पार्टवाला, कोणी बिल्डर, पुढे तर सिनेमावाले आणि क्रिकेटर पण. यातल्या एकालाही वाऱ्याचा वेग मोजता येत नव्हता की डोंगरावर जमीन कशी घ्यायची ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. म्हणून सुझलॉनने त्यांना सगळंच करून दिलं. आधी पठारावर मास्ट उभा करून वर्ष-दोन वर्षं वारा मोजायचा, मग सातबारे गोळा करायचे, एकेका गटात आठ-दहा सहहिस्सेदार असायचे त्यांच्या सह्या घ्यायच्या, एनए (बिगरशेती) करायचं, पन्नास-साठ फुटी... म्हणजे तेव्हाचं पातं तेवढंच लांब होतं, तरी ते घाटाच्या वळणातून वर न्यायला रस्ता रुंद करायचा, फाउंडेशन, टॉवर, मग सबस्टेशन, मग एमएसईबीची लाइन, वीजखरेदीचा करार, सगळं. गिऱ्हाइकाने चेक द्यायचा आणि नारळ फोडायला यायचं. आणि हे झाल्यावर मशीन चालवायचं आणि सांभाळायचं काम पण सुझलॉनकडेच. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आता गिऱ्हाईक चेक का द्यायचं? पर्यावरणासाठी म्हणाल तर हसू येईल. वाढीव घसारा, ज्याला सगळे एडी म्हणायचे, ॲक्सिलरेटेड डेप्रिसिएशन. पवनचक्कीवर पहिल्या वर्षी आधी १०० टक्के आणि नंतर ८० टक्के घसारा मिळायचा. हिशोब करून बघा. समजा मशीन ५ कोटींचं आहे. पहिल्याच वर्षी ४ कोटी नफ्यातून वजा, टॅक्स ३५ टक्के धरला तर सुमारे १ कोटी ४० लाख टॅक्स वाचला, तोही मशीनने जेमतेम काही महिने वीज केली असताना. उरलेल्या पैशातले बरेचसे बँकेकडून. आणि यात एक मेख होती, मालमत्ता त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत मशीन चालू झालं तर ८० टक्के, मार्च संपायच्या आत झालं तर ४० टक्के, आणि एक एप्रिलला झालं तर यंदा काहीच नाही. त्यामुळे या धंद्याला वर्षात दोनच सीझन, सप्टेंबर आणि मार्च. डोंगरावर क्रेन रात्रंदिवस, आणि सप्टेंबर म्हणजे सह्याद्रीत अजून पाऊस, चिखलात ट्रेलर रुतलेले, वर धुकं, आणि खाली गिऱ्हाइकाचा सीए फोनवर विचारतोय सर्टिफिकेट कधी मिळणार.

याचा एक वाईट परिणाम झाला जो त्यावेळी कोणाला खुपला नाही. गिऱ्हाइकाचा फायदा मशीन लागलं यात होता, मशीन किती वीज करतं यात नव्हता, निदान पहिल्या काही वर्षांत तरी. वाऱ्याचं गणित असं आहे की वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, म्हणजे जागा निवडताना थोडंसं जरी इकडेतिकडे झालं तरी पुढची वीस वर्षं वीज कमी. पण टॅक्स वाचवणाऱ्याला त्याचं फारसं काही पडलेलं नसायचं. सगळीकडेच असं होतं असं नाही, चांगल्या जागा चांगल्याच होत्या, पण धंद्याची शिस्त वाऱ्याने नाही, आयकर खात्याने लावली होती एवढं नक्की.

सातारा

महाराष्ट्रात हे सगळं बघायचं तर साताऱ्याला. पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, कोयनेच्या शिवसागराच्या वरचं लांबच लांब पठार, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, आणि इकडे ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी. १९९८ नंतर राज्याने विक्रीकरात सवलत दिली, एडी होतीच, दोन्ही एकत्र आल्यावर दोन-तीन वर्षांत पठारं भरून गेली. वनकुसवड्याचं सुझलॉनचं विंड पार्क त्या काळात आशियातल्या सगळ्यात मोठ्यांत गणलं जायचं. मशीन ३५० किलोवॅटची. बजाज ऑटोसारख्या कंपन्यांनी इथे मशीन घेतली.

पाऊस कमी झाला त्या वर्षांमध्ये याच भागात एक बोलवा उठली होती की पवनचक्क्या ढग पळवतात, पाती फिरतात म्हणून पाऊस पुढे निघून जातो. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काही तथ्य नाही, पावसाळी ढगांची सिस्टीम शेकडो किलोमीटरची, तिला डोंगरावरची पाती काय करणार. पण लोक असं का म्हणाले असतील हे समजण्यासारखं आहे, वर पठारावर रात्रभर दिवे लुकलुकतायत, वीज तारेतून पुण्या-मुंबईकडे चालली आहे आणि खाली गावात लोडशेडिंग, मग राग कुठून तरी निघणारच. जमिनीच्या व्यवहारांवरूनही बरीच कुरबुर झाली, तिकडे धुळ्याच्या साक्रीत तर वनजमिनीवरून मोठी आंदोलनं झाली. हा वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे एवढंच.

शेअर बाजार आणि खरेदीचा सपाटा

२००५ मध्ये आयपीओ आला, ५१० रुपयाला शेअर, जवळपास दीड हजार कोटी उभे राहिले आणि लिस्टिंगनंतर तर विचारूच नका. तुलसी तांती एकदम देशातल्या मोठ्या श्रीमंतांच्या यादीत. कंपनी जगात पाचव्या नंबरच्या आसपास, अमेरिकेत मिनेसोटातल्या पाइपस्टोनला पात्यांचा कारखाना, चीनमध्ये तियानजिनला कारखाना. २००८ च्या जानेवारीत शेअरचे पाच तुकडे केले आणि त्यानंतरही भाव साडेचारशेच्या पुढे गेला, म्हणजे जुन्या हिशोबाने सव्वादोन हजारांच्या वर.

या पैशावर आणि या भावाच्या जोरावर दोन मोठ्या खरेद्या झाल्या. पहिली २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सेन, गिअरबॉक्स बनवणारी, ४६ कोटी ५० लाख युरोला. मला ही खरेदी आजही शहाणपणाची वाटते. त्या काळी जगभर गिअरबॉक्सचा तुटवडा होता, ऑर्डर होत्या पण गिअरबॉक्स मिळत नाही म्हणून टर्बाइन अडकून पडायच्या, सीमेन्सने आधीच एक गिअरबॉक्स कंपनी गिळली होती. हॅन्सेनचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सुझलॉनची स्पर्धक व्हेस्टास. म्हणजे एका फटक्यात आपला सप्लाय पक्का झाला आणि स्पर्धकाला माल विकून वर पैसेही. पुढच्याच वर्षी हॅन्सेनचा लंडनला आयपीओ केला, भाव चांगला आला.

दुसरी खरेदी आरईपॉवर, जर्मनीची. २००७. इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं.

आरईपॉवरकडे जे होतं ते सुझलॉनकडे नव्हतं: मोठी मशीन आणि समुद्रातली मशीन. २००४ मध्येच त्यांनी ५ मेगावॅटचं, १२६ मीटर व्यासाच्या रोटरचं मशीन उभं केलं होतं, तेव्हा सुझलॉनचं सगळ्यात मोठं २.१ मेगावॅटचं. फ्रान्सची सरकारी अणुऊर्जा कंपनी अरेव्हा आरईपॉवरमध्ये आधीपासून भागीदार होती आणि तिने शेअरमागे १०५ युरो देऊ केले. सुझलॉनने पोर्तुगालच्या मार्टिफेरला बरोबर घेऊन वर बोली लावली, अरेव्हा १४० वर गेली, सुझलॉन १५० वर. मे महिन्यात अरेव्हाने माघार घेतली. सगळ्या कंपनीची किंमत त्या भावाने १३० कोटी युरोच्या घरात. आपल्याकडच्या पेपरांत तेव्हा मथळे असे की जणू आपण फ्रान्सला हरवलं.

हरवलं खरं, पण हातात काय आलं? अरेव्हाने लढाई सोडली, शेअर नाही सोडले. तिचे ३० टक्क्यांच्या आसपास तसेच, मार्टिफेरचे वेगळे. जर्मन कायदा असा की कंपनीत छोटे भागधारक शिल्लक असतील तोवर मोठ्या मालकाने तिला स्वतःच्या फायद्यासाठी वापरायचं नाही, तिच्या खात्यातली रोकड उचलायची नाही, तंत्रज्ञान फुकट घ्यायचं नाही, सगळे व्यवहार दोन अनोळखी कंपन्यांत होतील तसे बाजारभावाने. म्हणजे मालक हे, कर्ज यांच्या डोक्यावर, आणि ज्या तंत्रज्ञानासाठी हे सगळं केलं ते काचेच्या पलीकडे. मग अरेव्हाचे शेअर घ्या, मार्टिफेरचे हप्त्याने घ्या, बाजारातले उरलेसुरले घ्या, असं करत करत पूर्ण मालकी आली ती २०११ मध्ये. चार वर्षं. आणि ही चार वर्षं कोणती होती? लेहमन ही अमेरिकी बँक २००८ मध्ये बुडाली त्यानंतरची. दुनियाभर बँकांनी प्रकल्पांना पैसे देणं थांबवलं, ऑर्डर आटल्या, आणि सुझलॉन मात्र ठरलेले हप्ते भरत राहिली.

त्यातच अमेरिकेत एस-८८ या मशीनच्या पात्यांना तडे गेले. गिऱ्हाईक मोठमोठे होते, एडिसन मिशन, जॉन डिअर. २००८ मध्ये कंपनीला १,२५१ पाती दुरुस्त करायला घ्यावी लागली, आणि ऑक्टोबरमध्ये इलिनॉयमध्ये एका मशीनचं चाळीस-एक मीटरचं पातं तुटून खाली पडलं. पात्याचं काम हे असं असतं की कारखान्यात दुरुस्त करणं सोपं, पण एकदा ७०-८० मीटर वर लागलं की क्रेन आणा, उतरवा, दुसरं लावा, वाऱ्याचा वेग जास्त असेल तर थांबा, आणि तेवढे दिवस मशीन बंद त्याची भरपाई पण तुम्हीच द्या. खर्च एकवेळ झेपला असता. पण विकणाऱ्याच्या शब्दावर जी शंका आली ती अमेरिकेच्या बाजारात पुढे गेलीच नाही.

बाँड

आता एफसीसीबी. हे समजलं नाही तर २०१२ समजत नाही. ही परदेशी चलनातली बाँड असतात, शेअरमध्ये बदलता येणारी. सुझलॉनने २००७ मध्ये जूनमध्ये ३० कोटी आणि ऑक्टोबरमध्ये २० कोटी डॉलर अशी उचलली, पाच वर्षांची. व्याज शून्य, कारण बाँडवाल्याला व्याज नकोच असतं, त्याला वाटतं पाच वर्षांत शेअर ठरलेल्या भावाच्या वर गेला की बाँड देऊन शेअर घेऊ आणि नफा खिशात. इथे ठरलेला भाव शेअरच्या तुकड्यांनंतर साडेतीनशे रुपयांच्या वर. २००७ मध्ये शेअर ज्या वेगात पळत होता ते पाहता कंपनीला वाटलं असणार की हे पैसे परत द्यायचेच नाहीत, शेअर देऊन मोकळे.

२०१२ उजाडलं. शेअर वीस रुपयांच्या खाली. डॉलर २००७ मध्ये चाळीस रुपयांच्या आसपास होता तो पन्नाशीच्या पुढे. साडेतीनशेला शेअर घ्यायला कोण येतंय, सगळ्यांना डॉलर रोख पाहिजेत आणि वर मुदतीअखेरचा प्रीमियम. भावात मध्ये एकदा फेरफार करून झाली होती, उपयोग नाही. जूनचा हप्ता थोडी मुदत मागून आणि बँकांकडून उधार घेऊन कसाबसा दिला, ऑक्टोबरच्या वेळी चार महिने मुदत मागितली, बाँडवाले नाही म्हणाले. २० कोटी डॉलरहून जास्त थकले. तोवरची भारतातली एफसीसीबीची ही सगळ्यात मोठी थकबाकी.

आणि याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने एडी काढून घेतली होती, युनिटमागे ५० पैशांचा जो उत्पादनावरचा प्रोत्साहन भत्ता होता तोही संपला. म्हणजे ज्या गिऱ्हाइकावर कंपनी उभी होती ते गिऱ्हाईक एका बजेटमध्ये गायब. एडी नंतर २०१४ मध्ये परत आली, भत्ता २०१३ मध्ये परत आला, पण मधलं नुकसान झालं ते झालं. लोक तांतींना कर्जासाठी दोष देतात आणि तो बरोबरच आहे, पण सरकारी धोरण असं नळासारखं चालू-बंद होत असेल तर कोणता कारखाना नीट चालेल? फक्त एवढंच की धोरण असं असतं हे माहीत असलेल्या माणसाने तरी डॉलरमध्ये कर्ज काढायला नको होतं.

२०१३ मध्ये बँकांनी जवळपास साडेनऊ हजार कोटींचं कर्ज पुनर्रचनेत टाकलं. हॅन्सेन तर आधीच टप्प्याटप्प्याने विकून टाकली होती, शेवटचा हिस्सा २०११ मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीला. मग आरईपॉवर, जिचं नाव तोवर सेनव्हिऑन झालं होतं, ती २०१५ मध्ये सेंटरब्रिज या अमेरिकी फंडाला १०० कोटी युरोला गेली. काय मिळवायला गेलो आणि काय हातात राहिलं! गंमत म्हणजे तीच सेनव्हिऑन २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघाली, म्हणजे विकायला उशीर झाला असेल पण विकली ते बरंच झालं. त्याच वर्षी, २०१५ मध्ये, सन फार्मावाल्या दिलीप संघवींच्या कुटुंबाने १८ रुपयाने शेअर घेऊन १,८०० कोटी घातले. वाटलं, चला, सुटले.

लिलाव

नाही सुटले. २०१७ पर्यंत पवनऊर्जेचा दर राज्याचा वीज आयोग ठरवायचा, चार-पाच रुपये युनिट, खर्च अधिक ठरावीक परतावा. फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिला लिलाव झाला, म्हणजे जो सगळ्यात कमी दराने वीज देईल त्याला काम, आणि दर आला ३ रुपये ४६ पैसे. त्याच वर्षी गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैसे. राज्यांनी जुन्या दराने करार करायचं सरळ थांबवलं, एडी पण ८० वरून ४० टक्क्यांवर आली, आणि २०१६-१७ मध्ये देशात जिथे साडेपाच हजार मेगावॅटची मशीन लागली होती तिथे पुढच्या वर्षी १,८०० पण नाहीत.

गिऱ्हाईकच बदललं. सूतगिरणीवाला गेला, त्याच्या जागी शेकडो मेगावॅट एकदम घेणाऱ्या वीज कंपन्या आल्या, ज्या पैशापैशाची घासाघीस करतात आणि ज्यांना टॅक्स नाही, वीज पाहिजे. सुझलॉनकडे तयार माल, पगार, व्याज सगळं जुन्या हिशोबाचं. मध्ये सोलरमध्येही हात घालून बघितला, तेलंगणात काही प्रकल्प केले, ते काही आपलं काम नाही म्हणून सोडून दिलं. जुलै २०१९ मध्ये पुन्हा एफसीसीबी थकली, या वेळी १७ कोटी २० लाख डॉलर. मार्च २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास.

मग मेली का नाही

या वर्षांत डोंगरावर काय चालू होतं ते बघा. नवीन मशीन लागत नव्हतं. पण आधी लावलेली हजारो मशीन फिरत होती आणि त्या प्रत्येकाची देखभाल सुझलॉन करत होती. टेक्निशियन सेफ्टी बेल्ट लावून शिडीने ७०-८० मीटर वर, गिअरबॉक्सचं तेल बदल, बोल्टचा टॉर्क तपास, पात्यावर वीज पडून भोक पडलं असेल तर दोरीला लटकून पॅच मार, आणि हे सगळं शक्यतो जून यायच्या आत, कारण वर्षाची निम्म्याहून जास्त वीज पावसाळ्याच्या वाऱ्यात होते, तेव्हा बंद पडलेल्या मशीनचा एक दिवस डिसेंबरच्या कित्येक दिवसांना महाग पडतो. याचे पैसे मालक दर वर्षी देतो, करार लांबचा, दर वर्षी थोडी वाढ.

मालकाने दुसऱ्याकडे जायचं म्हटलं तर? एकाच पठारावर शंभर मशीन, मालक साठ, रस्ता एक, सबस्टेशन एक, मीटरिंग एका ठिकाणी, स्पेअर आणि सॉफ्टवेअर सुझलॉनचं. कुठे जाणार? वीस वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाची सोय म्हणून जे सगळं आपणच करून दिलं होतं त्यातून असं एक उत्पन्न तयार झालं जे एडी गेली, लिलाव आला, लेहमन बुडाली तरी फारसं हललं नाही. मालकांच्या तक्रारी असतात, दर जास्त, रिपोर्ट उशिरा, आणि त्यातल्या काही खऱ्याच असणार. तरीही बँकांच्या बाजूने विचार केला तर कंपनी भंगारात काढून काय मिळणार होतं? कारखाने आणि शेड. चालू ठेवली तर दर वर्षी सर्व्हिसची रोकड. मला वाटतं २०२० मध्ये बँका दिवाळखोरी कोर्टात न जाता पुनर्रचनेला तयार झाल्या त्यामागे हे गणित मोठं होतं. थोडं कर्ज तसंच राहिलं, बाकीचं शेअर आणि डिबेंचरमध्ये (म्हणजे कर्जरोख्यांत) बदललं. २०२२ मध्ये आरईसी आणि इरेडा या सरकारी संस्थांनी उरलेलं कर्ज स्वतःकडे घेतलं आणि जुन्या बँकांच्या तावडीतून कंपनी सुटली.

त्या ऑक्टोबरमध्ये १,२०० कोटींचा राइट्स इश्यू, म्हणजे आहे त्या भागधारकांनाच नवे शेअर, ठरला होता, ५ रुपयाला शेअर, ११ तारखेला उघडणार. १ तारखेला तुलसी तांती हृदयविकाराने गेले, वय ६४. इश्यू पुढे ढकलतील असंच बऱ्याच जणांना वाटलं होतं. ढकलला नाही, भरला, मागणी जास्तच आली. विनोद तांती चेअरमन झाले, गिरीश तांती व्हाइस चेअरमन, आणि जे. पी. चलसानी सीईओ म्हणून परत आले. ऑगस्ट २०२३ मध्ये मोठ्या गुंतवणूकदारांना १७ रुपये ५५ पैशाने शेअर देऊन २,००० कोटी उभे केले आणि कर्ज फेडून टाकलं. २०२४ मध्ये हडपसरचं वन अर्थ ऑफिस ४४० कोटींना विकलं आणि तिथेच भाड्याने राहिले. दिखाव्याला चांगलं असलेलं सगळं विकायचं, हे जरा उशिरा का होईना सुचलं.

धंद्यातही फरक दिसतो. आता परदेशी कंपन्या नाहीत, समुद्रातली मशीन नाहीत. भर एस-१४४ वर, ३ मेगावॅटच्या वरचं, १४४ मीटर रोटर, टॉवर १४० मीटरच्या आसपास आणि त्यावर. आपल्याकडच्या चांगल्या वाऱ्याच्या जागा नव्वदीतच भरल्या, उरल्या त्या कमी वाऱ्याच्या, तिथे लांब पातं आणि उंच टॉवर हाच उपाय. सप्टेंबर २०२४ मध्ये एनटीपीसी ग्रीनकडून १,१६६ मेगावॅटची ऑर्डर आली, देशातली पवनऊर्जेची तोवरची सगळ्यात मोठी. २०२३-२४ चा नफा ६६० कोटी, पुढच्या वर्षीचा २,०७२ कोटी, अर्थात त्यात कराच्या जुन्या हिशोबाचाही चांगलाच वाटा आहे हे शेअरवाले सोयीस्करपणे विसरतात. आणि २०२४ मधली खरेदी बघा, युरोपात नाही, आपल्या जयसिंगपूरच्या संजय घोडावत ग्रुपची रेनॉम. ती काय करते? दुसऱ्या कंपन्यांनी लावलेल्या मशीनची देखभाल, म्हणजे बुडालेल्या उत्पादकांची जी मशीन अनाथ झाली आहेत ती.

अडलेलं एक काम

वनकुसवड्यासारख्या पठारांवर अजून ती ३५०-वाली मशीन आहेत, वीस-पंचवीस वर्षं झाली त्यांना. जागा देशातल्या चांगल्यांपैकी आणि मशीन सगळ्यात लहान, हे उलटंच झालंय. ती काढून मोठी लावली तर तेवढ्याच पठारावर कितीतरी जास्त वीज होईल, केंद्राचं धोरण पण आहे त्यासाठी, २०१६ चं आणि मग २०२३ चं. काम मात्र हलत नाही, आणि अडचण तंत्रज्ञानाची नाहीच. एक मोठं मशीन लावायला सात-आठ लहान काढावी लागतात आणि ती सात-आठ वेगवेगळ्या मालकांची. एक कंपनी चालू आहे, एक विकली गेली, एका ठिकाणी भावाभावांत वाद, एकाचा वीजखरेदीचा करार संपलाय, दुसऱ्याचा अजून दोन वर्षं आहे. नवीन मशीनमध्ये कोणाचा वाटा किती, मधल्या काळात बंद राहिल्याचं नुकसान कोणी सोसायचं, लाइनची क्षमता कोण वाढवणार. एकेक मशीन सुटं सुटं विकलं तेव्हा धंदा वाढला, आता त्याच साठ मालकांना एका टेबलावर बसवायचं काम सुझलॉनलाच करावं लागेल असं दिसतंय, कारण त्या सगळ्यांचे फोन नंबर दुसऱ्या कोणाकडे नाहीत.